आयसोसायट्रेट लायेज: आधी कार्बन मोजा

अख्खं ग्लायऑक्झिलेट चक्र (क्रेब्ज चक्राची आखूड वाट) पाठ करायला बसू नका. एवढंच पक्कं करा: सहा कार्बनचं आयसोसायट्रेट आयसोसायट्रेट लायेज हे एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) तोडतं, चार कार्बनचं सक्सिनेट आणि दोनचं ग्लायऑक्झिलेट मिळतं. क्रेब्ज चक्रात (पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या क्रियांच्या साखळीत) आयसोसायट्रेटपासून पुढे दोन कार्बन डायऑक्साइड निसटतात, या वाटेने ते वाचतात. म्हणूनच अंकुरणारा शेंगदाणा तेलातल्या फॅटी ॲसिडांपासून साखर बनवतो. आपल्याला ते जमत नाही, कारण आपल्या पेशींत हे एन्झाइमच नाही. मला तर ही युक्ती अजूनही फार सुंदर वाटते!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- लायेजला हायड्रोलेज समजणं. इथे बंध तोडायला पाणी लागत नाही.
- लायगेजशी गल्लत. ते रेणू जोडतं, आणि त्यासाठी बहुधा एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चतं.

नियंत्रणाचा भाग आत्ता सोडून द्या. आज फक्त कागदावर कार्बन काढून मोजा. अडलात तर बिनधास्त विचारा.