वूफरचा डबा अन् पाईपचं गणित: तुमचे प्रश्न

हिंगोलीहून प्रश्न: स्विफ्टमधी बारा इंची वूफर टाकलाय, पोर्टवाला रेडिमेड बॉक्स दुकानदारानंच दिला. डीजेची गाणी लावली की काचा हलायलेत, पण बाकी गाण्यात सगळा बेस एकाच सुरात घुमायलाय. वूफर बदलू का?

वूफरला हात लावू नका, पहिले डबा तपासा. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी पाईप बसवलेल्या, डब्यात आतली हवा अन् पाईपमधली हवा मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला जोरात हलतात, तीच डब्याची ट्यूनिंग. पाईप आखूड असला किंवा डबा लहान असला की ही ट्यूनिंग वर सरकते, अन् मग 45–50 हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर बाकी सगळ्यांना दाबून बसतो. रेडिमेड डब्यात हे लई दिसतं, कारण दुकानात दोन मिनिटं वाजवून गिऱ्हाईक खूष करायचं असतं.

तपासायला खर्च काहीच नाही. मोबाईलवर टोन जनरेटरचं कुठलंबी ॲप घ्या, बेस बूस्ट अन् इक्वलायझर बंद करा, आवाज मध्यम ठेवा अन् 60 हर्ट्झपासून हळूहळू खाली या, कोनवर (वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर) नजर ठेवा. एका ठिकाणी कोन जवळपास थांबल्यासारखा दिसेल अन् पाईपच्या तोंडाशी हात धरला तर वारा सगळ्यात जास्त लागेल. तो आकडा म्हणजे तुमची ट्यूनिंग, दुकानदारानं काहीबी सांगितलेलं असू दे.

आता हिशोब. डबा आतून निव्वळ 50 लिटर धरा अन् चार इंची पीव्हीसी पाईप, आतला व्यास 10 सेंटीमीटर. पाईप 16 सेंटीमीटर ठेवला तर ट्यूनिंग 45 हर्ट्झ येते, 25 ला 38, अन् 33 ला 34 हर्ट्झ. म्हणजे तुमचं काम बहुतेक लांब पाईपनं भागेल. फक्त आतलं तोंड समोरच्या फळीपासून निदान 10 सेंटीमीटर लांब पाहिजे, नाहीतर हवा कोंडते. सरळ बसत नसेल तर एल्बो लावा, लांबी मधल्या रेषेनं मोजा. रोजच्या ऐकण्याला माझी पसंती 33 ते 36 हर्ट्झ. नुसता डीजेच वाजवायचा असेल तर 38–40 ठेवा, तिथं धडकी जास्त भरते, पण जुनी गाणी मग बेचव लागतील. अन् गाडीची बंद केबिन अगदी खालचा बेस स्वतःच वाढवून देती, त्यामुळं घरच्या स्पीकरची डिझाईन जशीच्या तशी गाडीत उतरवू नका.

उदगीरहून प्रश्न: आमचा मिस्त्री म्हणायलाय डबा जेवढा मोठा तेवढा बेस जास्त. बारा इंचीला किती लिटर पाहिजे?

मिस्त्रीला फळ्या विकायच्यात! वूफरच्या कागदावर पोर्टवाल्या डब्यासाठी जो आकडा दिलाय तोच पहिला धरा. बारा इंचीला साधारण 42 ते 57 लिटर लागतात, कागदावर घनफूट असेल तर 28.3 नं गुणा. कागदावर एफएस (Fs, वूफरची स्वतःची फ्रिक्वेन्सी) अन् क्यूईएस (Qes, वूफरची मोटर कोनला किती आवरते त्याचा आकडा) दिले असतील तर एफएसला क्यूईएसनं भागा, उत्तर 50 च्या खाली आलं तर तो वूफर बंद (बिनपाईपच्या) डब्याचा, 100 च्या आसपास किंवा वर आलं तर पोर्टचा, मधलं आलं तर दोन्हीकडं चालतो. दुकानात हे कुणी बघत नाही, नुसते वॅट बघतात.

मोठा डबा केला अन् पाईप तोच ठेवला तर काय होतं बघा. वरचाच 33 सेंटीमीटरचा पाईप 70 लिटरमधी टाकला की ट्यूनिंग 29 हर्ट्झवर जाते. गाण्यात तिथं फारसं काही नसतं, अन् डबा मोठा झाला की आतल्या हवेचा कोनला आधार पण कमी मिळतो. मिस्त्रीला लिटर सांगू नका, आतली मापं सांगा: 64 गुणिले 32 गुणिले 28 सेंटीमीटर म्हणजे 57 लिटर, त्यातून वूफरचे तीन, पाईपचे तीन, आतल्या आडव्या पट्टीचा एक वजा केला की 50 राहिले. फळी 18 मिलीमीटरची असली तर बाहेरून प्रत्येक माप 3.6 सेंटीमीटरनं वाढतं, अन् डिकीचं दार लागत नाही हे डबा झाल्यावर कळतं.

वैजापूरहून प्रश्न: बोलेरोत वर्षात दोन वूफर गेले. ॲम्प (ॲम्प्लिफायर) भारी आहे, वूफर पण भारी आहे, मग कामून जायलेत?

गेलेला वूफर हुंगून बघा. जळका वास आला तर कॉईल (आतली तारेची गुंडाळी) गेली, म्हणजे ॲम्पचा गेन वाढवून सिग्नलची टोकं चेपली गेली. गेन म्हणजे व्हॉल्यूमची घुंडी नव्हे, तो हेड युनिटशी (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीमशी) जुळवायला असतो. वास नाही पण कोन फाटला किंवा खडखड करतो तर कारण वेगळं. ट्यूनिंगच्या खाली पोर्टवाला डबा कोनला धरून ठेवत नाही, हवा पाईपातून मोकळी जाते अन् कोन कुणी नसल्यासारखा उड्या मारतो, तिथं निम्म्या पॉवरवरसुद्धा मरतो. ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारी सोय) असतो, तो ट्यूनिंगच्या चार-पाच हर्ट्झ खाली लावा, 34 ला ट्यून असेल तर 30. अन् बेस बूस्टची घुंडी शून्यावर ठेवून विसरून जा.

लातूरहून प्रश्न: जोरात वाजवलं की पाईपातून फुस्स-फुस्स येतं. दुसरा पाईप टाकू का?

टाका, पण नुसता भोक पाडून नको. पाईप लहान अन् हवा जास्त म्हणून तो आवाज. 50 लिटरला 34 हर्ट्झवर एका पाईपाला 33 सेंटीमीटर लागले, तर तसेच दोन टाकल्यावर प्रत्येकी 74 लागतात, सहा इंची एकच टाकला तरी 80 च्या घरात जातो. लांबी तीच ठेवून दुसरा घुसवला की ट्यूनिंग एकदम वर जाती, अन् मग मला हिंगोलीवाल्यांसारखा प्रश्न येतो. तीनशे-चारशे वॅट आरएमएसपर्यंत (आरएमएस म्हणजे सलग चालणारी पॉवर) पाईपाची दोन्ही तोंडं गोलसर करून बघा, बराच फरक पडतो. त्यापुढं गोल पाईपाऐवजी फळ्यांचा लांब स्लॉट पोर्टच करा.

बीडहून प्रश्न: डिझायर सीएनजी आहे, डिकीत टाकी. पोर्टवाला बसवू का?

नको. जागा नाही, अन् सेडानची डिकी केबिनपासून वेगळी, त्यात सीटची पाठ आडवी. दहा इंचीचा बंद डबा किंवा सीटखालचा सपाट वूफर घ्या. टाकीच्या पट्ट्याला, पाईपला स्क्रू मारू देऊ नका, अन् पॉवरच्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच.

परभणीहून प्रश्न: एमडीएफ का प्लाय? गाडी शेतात आखाड्यावर उभी असती.

आवाजाला 18 मिलीमीटरचं एमडीएफ चांगलं, पण पावसाचं पाणी लागलं की फुगतं. तुमच्या वापराला वॉटरप्रूफ प्लाय घ्या, जोडाला फेविकॉल अन् स्क्रू दोन्ही, आतून सांध्याला सिलिकॉन. उन्हाळ्यात काचा बंद करून गाडी उन्हात उभी केली की ॲम्प आधीच तापलेला असतो, निघाल्याबरोबर फुल आवाज करू नका. आखाड्यावर रात्री पाईपात स्पंजचा गोळा कोंबा, उंदीर आत घर करतो अन् वायर कुरतडतो. वाजवायच्या आधी तेवढा काढा.