चुलत आजोबा 1971 च्या युद्धात शहीद झाले, गाव बीड जिल्ह्यातलं. त्यांच्या सेवेची माहिती कुठे मिळेल?

त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला घरच्यांनी लेखी अर्ज करा; बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळेल. भरती, बढती, तैनाती, वीरमरण, सगळी नोंद रेजिमेंटकडेच असते. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. मात्र आधी सेवा क्रमांक शोधा, कारण एकाच नावाचे कितीतरी जवान असतात. तो बहुधा घरातच सापडेल: पदकाच्या कडेवर कोरलेला, पेन्शनच्या कागदावर, किंवा त्यांनी पाठवलेल्या पत्रावर 56 एपीओच्या (सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या) पत्त्याशेजारी. ती जुनी ट्रंक कृपा करून आजच उघडा, कागद विरत चाललेत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवरही त्यांचं नाव शोधा.