सांगलीतल्या छोट्या स्टुडिओत बाहेरचा एडी कन्व्हर्टर (आवाजाच्या सिग्नलचे आकडे करणारा डबा) घ्यावा का, जोडायचा कसा, आणि जोडल्यावर टिकटिक का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागेतल्या एका खोलीत भजनी मंडळं आणि शास्त्रीय गाणं रेकॉर्ड करता. इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) माइकचे इनपुट दोनच आहेत, मागे ऑप्टिकल इन (उजेडाच्या केबलीचं इनपुट) आहे, ऑप्टिकल आउट नाही. आठ चॅनेलचा कन्व्हर्टर जोडला तर आवाज सुधारेल का, आणि मित्राच्या स्टुडिओत तो जोडल्यापासून सेकंदा-दोन सेकंदाला टिक येते ती कशाने?

आवाजापुरतं बोलायचं तर कानाला फरक कळेल असं मला वाटत नाही. हिशेब बघा. रात्री दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून खोली शांत केली तरी साधारण 30 डेसिबल गलबला उरतोच. गायक माइकजवळ तारसप्तकात चढला की 100 डेसिबलच्या आसपास जातो. म्हणजे पकडायची रेंज झाली 70 डेसिबल. आजचा साधा इंटरफेससुद्धा 105-110 डेसिबल देतो. महागडा कन्व्हर्टर 120 देईल, पण ते वरचे दहा-पंधरा डेसिबल खोलीच्या गलबल्याखाली गाडले जाणार. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू यायला हवी असेल तर पैसे आधी दाराच्या फटी बुजवण्यावर आणि भिंतींवर घाला.

इनपुट वाढवायचे असतील तर मात्र जरूर घ्या. पखवाजाला दोन माइक, पेटीला एक, मुख्य गायकाला एक, टाळांना एक, मागच्या कोरसला दोन, एवढ्यातच सात झाले. त्यासाठी दुसरा यूएसबी इंटरफेस आणून भागत नाही, कारण विंडोजवर एएसआयओमध्ये (रेकॉर्डिंगला वापरतात त्या ड्रायव्हरच्या पद्धतीत) रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच ड्रायव्हर धरतं. ऑप्टिकल केबलीतून आलेले आठ चॅनेल मात्र तुमच्याच इंटरफेसचे जादा इनपुट म्हणून दिसतात.

घेताना एक गोष्ट नीट बघा. काही कन्व्हर्टर निव्वळ लाइन लेव्हलचे, म्हणजे आधीच वाढवून दिलेल्या सिग्नलसाठीचे असतात. त्यांना माइक लावला तर आवाज मुंगीएवढा येईल, आणि कंडेन्सर माइक तर फँटम पॉवर (केबलीतून माइकला मिळणारे 48 व्होल्ट) नसल्यामुळे बोलणारच नाही. तुमच्याकडे वेगळे प्री-अँप (माइकचा सिग्नल वाढवणारे डबे) नाहीत, तेव्हा आठही चॅनेलना माइक इन आणि 48 व्होल्ट असलेलाच घ्या. बेरिंजरचा एडीए 8200 त्या जातीचा आहे, पण तो 44.1 आणि 48 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवरच (सेकंदाला आवाजाची किती हजार मोजमापं, म्हणजे सॅम्पल, घ्यायची तो आकडा) चालतो. भजन-अभंगाच्या कामाला 48 पुष्कळ झालं. 96 वर काम करायचा हट्ट असेल तर लक्षात ठेवा, त्या रेटला एका ऑप्टिकल केबलीतून आठाऐवजी चारच चॅनेल येतात.

जोडणी सोपी आहे. कन्व्हर्टरचा ऑप्टिकल आउट तुमच्या इंटरफेसच्या ऑप्टिकल इनला. नव्या केबलीच्या दोन्ही टोकांवर बारीक पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते, ती काढा. ती तशीच ठेवून केबल दाबत बसणारे आणि मग 'सिग्नल येत नाही' म्हणणारे बरेच आहेत. एक टोक लावून दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला की तिथपर्यंत सगळं ठीक. लांबी 5 मीटरच्या आत ठेवा आणि केबल कोपऱ्यात काटकोनात मुडपू नका. मग इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिकल इनपुटचा प्रकार बघा. त्याच भोकातून एसपीडीआयएफही (दोन चॅनेलचा प्रकार) येतो आणि एडॅटही (आठ चॅनेलचा). एसपीडीआयएफ निवडलेलं राहिलं तर आठ चॅनेल दिसणारच नाहीत.

आता तुमच्या मित्राची टिकटिक. दोन्ही उपकरणं आपापल्या क्लॉकवर (सॅम्पल कधी घ्यायचा ते ठरवणाऱ्या आतल्या घड्याळावर) सोडली की हे होतं. दोन्हीवर 48 किलोहर्ट्झ लिहिलेलं असलं तरी त्या घड्याळांचे आतले दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत 20 चा फरक धरा. 48,000 सॅम्पलमागे तो सेकंदाला जवळपास एक सॅम्पल होतो. इंटरफेसला तो एक सॅम्पल कुठेतरी गाळावा किंवा दोनदा घ्यावा लागतो, आणि तीच ती टिक. उपाय एकच, मास्टर एक आणि बाकीचे त्याच्या मागे. तुमच्याकडे ऑप्टिकल आउट नसल्यामुळे निवड करायचा प्रश्नच नाही: कन्व्हर्टरवर सिंक 'इंटर्नल 48', इंटरफेसवर क्लॉक सोर्स 'एडॅट' किंवा 'ऑप्टिकल'. लॉकचा दिवा किंवा सॉफ्टवेअरमधली खूण स्थिर दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना ऑप्टिकल आउट असता तरी मी क्लॉक कन्व्हर्टरचंच ठेवलं असतं, कारण आवाजाचे आकडे होतात तिथे, आणि आतला क्रिस्टल त्या चिपच्या सगळ्यात जवळ असतो. वेगळा वर्ड क्लॉक जनरेटर घेतल्याने आवाज 'खुलतो' असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, दोन उपकरणांच्या स्टुडिओत तो खर्च वाया आहे.

टिक क्लॉकची की कॉम्प्युटरची, हे ओळखणं अवघड नाही. कन्व्हर्टरच्याच चॅनेलवर टिक येते आणि इंटरफेसचे स्वतःचे दोन इनपुट स्वच्छ आहेत, तर दोष क्लॉकचा. सगळ्याच चॅनेलवर एकदम, अनियमित चरचर येते आणि बफर (सॉफ्टवेअर एका वेळी किती सॅम्पल हाताळतं तो आकडा) 128 वरून 512 केल्यावर थांबते, तर दोष कॉम्प्युटरचा.

कन्व्हर्टर मास्टर केला की दोन पथ्यं आली. चालू करताना आधी कन्व्हर्टर, मग इंटरफेस, मग सॉफ्टवेअर. मधेच कन्व्हर्टर बंद झाला तर इंटरफेसचं क्लॉक जातं आणि रेकॉर्डिंग थांबतं किंवा बिघडतं, म्हणून दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. दुसरं, कन्व्हर्टरचं बटण 44.1 वर आणि प्रोजेक्ट 48 वर, असं कधी होऊ देऊ नका. काही इंटरफेस तक्रार न करता रेकॉर्ड करत राहतात, आणि नंतर 48 वर वाजवलं की पाच मिनिटांचा अभंग साधारण 4 मिनिटं 36 सेकंदांत संपतो. सूरही जवळपास दीड पट्टी चढतो: काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी ऐकू येतं. पेटीवाल्याला हे लगेच कळतं, तबल्याचा टेक घेताना मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

गेन लावताना मीटर लाल होईपर्यंत ताणायची सवय सोडा, ती टेपच्या आणि 16 बिटच्या काळातली आहे. 24 बिटवर गाणं सरासरी -20 ते -18 डीबीएफएसला (डिजिटल मीटरचे डेसिबल, 0 म्हणजे भरला) आणि सगळ्यात जोराचा आवाज -10 च्या खाली ठेवा. पखवाजाला आणखी सैल सोडा. साउंडचेकला हात राखून वाजवणारा माणूस गजर सुरू झाला की 5-6 डेसिबलने सहज वाढतो, म्हणून चेकला -15 च्या वर जाऊ देऊ नका.

पुढे कधी वेगळा प्री-अँप आणलात तर लाइन इनची लेव्हल एकदा जुळवून घ्या. सॉफ्टवेअरमधून 100 हर्ट्झची साइन (एकसुरी आवाज) वाजवा, इंटरफेसच्या लाइन आउटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा (एक्सएलआर असेल तर पिन 2 आणि 3, टीआरएस असेल तर टोक आणि कडं) आणि 1.23 व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. हे झालं +4 डीबीयू (डीबीयू म्हणजे व्होल्टवरून मोजलेली लेव्हल). तेच कन्व्हर्टरच्या लाइन इनला दिल्यावर मीटर किती दाखवतो ते टिपून ठेवा. -18 दाखवला तर +22 डीबीयूला तो भरतो (मीटर 0 ला पोचतो), -20 दाखवला तर +24 ला. अपेक्षेपेक्षा 12 डेसिबलच्या आसपास फरक आला तर कुठेतरी +4 (स्टुडिओची लेव्हल) आणि -10 (घरगुती उपकरणांची) चं बटण उलटं आहे. बरोबर 6 चा आला तर केबल बघा, टीआरएसच्या जागी साधा मोनो जॅक लागलेला असणार.

हमचा (विजेमुळे येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजाचा) थोडा विचार करावा लागेल. ऑप्टिकल केबलीतून वीज जात नाही, त्यामुळे त्या जोडणीतून ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटा जुळून हम येणं) होत नाही, हा मोठा फायदा. पण प्री-अँप, मॉनिटर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर हम तिकडून येईल. सगळं एकाच बोर्डावर घ्या. आपल्याकडे काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंग सुटतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या वर दिसत असेल तर खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनला दाखवा. हम जातो म्हणून अर्थची पिन काढू नका, गायकाचे ओठ माइकच्या जाळीला लागलेले असतात.

शेवटचं, एकाच वाद्याचे दोन माइक इंटरफेस आणि कन्व्हर्टरमध्ये विभागू नका. दोन्ही वाटांचा उशीर थोडा वेगळा असतो. तंबोऱ्याचे दोन माइक असे वाटले तर काही सॅम्पलच्या फरकानेही जवारीतले वरचे स्वर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. विभागणं भागच असेल तर एकच टिचकीचा आवाज इंटरफेसच्या लाइन आउटमधून दोन्हीकडे पाठवून रेकॉर्ड करा, दोन्ही ट्रॅक मोठे करून सॅम्पलमधला फरक मोजा आणि मागे पडलेला ट्रॅक तेवढाच पुढे ओढा. सॅम्पल रेट बदललात की हा फरकही बदलतो, तेव्हा पुन्हा मोजा.