‘विंडोज डॉट ओल्ड’ उडवू का? जुन्या बॅकअपबद्दल वाचकांचे प्रश्न

डिस्क भरली की पहिली नजर बॅकअपच्या फोल्डरवर जाते, कारण सगळ्यात जाडजूड तोच असतो. या वेळचे प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत. उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक अट: नव्या बॅकअपमधून निदान एक फाइल परत काढून, उघडून बघितल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. ‘बॅकअप कम्प्लीटेड’ हा संदेश पुरेसा नसतो.

लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी आहे. विंडोज ११ वर गेल्यापासून सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा २४ जीबीचा फोल्डर दिसतोय. डिलीट करायला गेलं की परवानगी नाही म्हणतो. (सांगली)

ते तुमचं जुनं विंडोज आहे, जसंच्या तसं बाजूला ठेवलेलं. अपग्रेडनंतर १० दिवस मागे फिरता येतं ते याच फोल्डरच्या जिवावर; त्यानंतर विंडोज तो आपणहून काढतं. तेवढं थांबायचं नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा, ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर टिक करा आणि ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ची ओळ असते. तिच्यावर टिक राहिली तर बँकेची स्टेटमेंट आणि मुलांचे दाखलेही सोबत जातील, म्हणून ती नीट बघा. परवानगी मिळत नाही, कारण आतल्या बऱ्याच फाइल्सची मालकी तुमच्या खात्याकडे नसून सिस्टिमकडे असते. मालकी बदलून फोल्डर हाताने उडवण्याचे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. त्या उठाठेवीची गरज नाही.

एक अपवाद आहे. दुकानात देऊन ‘नवीन विंडोज मारून’ आणलं असेल आणि तेव्हा ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर तुमचा जुना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स याच फोल्डरच्या आत ‘यूजर्स’मध्ये पडलेले असतात. आधी ते दुसरीकडे कॉपी करा.

१ टीबीची बाहेरची डिस्क विंडोजच्या ‘फाइल हिस्टरी’ या बॅकअपच्या सोयीने भरली. आत प्रत्येक फाइलच्या दहा-दहा प्रती आहेत. तारखेप्रमाणे लावून २०२२ आधीचं सगळं डिलीट केलं तर चालेल का? (नाशिक)

नाही, आणि यातला सापळा बारकाईने बघण्यासारखा आहे. फाइल हिस्टरी प्रत्येक प्रतीच्या नावामागे वेळ डकवते: ‘जमाखर्च (२०२४_०३_१५ ०४_५०_३१ यूटीसी)’. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; ही वेळ भारताची नाही. साडेपाच तास मिळवले की सकाळचे १० वाजून २० मिनिटं होतात. आता समजा, लग्नाचे फोटो तुम्ही २०१९ मध्ये टाकले आणि नंतर कधी बदलले नाहीत. त्यांची नवी प्रत काढायचं कारणच नव्हतं, त्यामुळे बॅकअपमध्ये त्यांची एकच प्रत आहे आणि तिच्यावर २०१९ ची तारीख आहे. तारखेप्रमाणे झाडू मारला की नेमके तेच फोटो जातील आणि रोज बदलणाऱ्या एक्सेल फाइलच्या दहा प्रती मात्र राहतील.

योग्य जागा: कंट्रोल पॅनल, फाइल हिस्टरी, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, ‘क्लीन अप व्हर्जन्स’. तिथे ‘एक वर्षापेक्षा जुन्या’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तोच राहू द्या. मात्र जी फाइल कॉम्प्युटरवरून कधीच उडवली आणि आता फक्त बॅकअपमध्ये उरली आहे, ती सफाईच्या आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. तिच्या वाचण्याची हमी नाही. सफाई झाल्यावर त्याच पानावर ‘कीप सेव्ह्ड व्हर्जन्स’ बघा. ते मुळात ‘फॉरेव्हर’ असतं, डिस्क भरली ती त्यामुळे. ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ करून ठेवा.

आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. उरलेले कुठल्या बॅकअपने खाल्लेले नाहीत. डिस्कवाला हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या.

छोटं ऑफिस आहे. इमेज (म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत) घेणारं सॉफ्टवेअर दर रविवारी पूर्ण बॅकअप आणि बाकी दिवशी इन्क्रिमेंटल घेतं. जागा नव्हती म्हणून आमच्या मुलाने बुधवारची फाइल डिलीट केली. आता शनिवारचा बॅकअप उघडत नाही. (इचलकरंजी)

उघडणारही नाही. रविवारची फाइल १८० जीबीची असेल तर सोमवारची ४ जीबीची असते, कारण तिच्यात फक्त रविवारनंतर बदललेलं असतं. मंगळवारच्या फाइलमध्ये सोमवारनंतरचं, बुधवारच्यात मंगळवारनंतरचं. शनिवारची स्थिती उभी करायला रविवारपासून शनिवारपर्यंतच्या सातही फाइल्स क्रमाने लागतात. बुधवारची कडी तुटली की गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिघेही बाद. तुमच्याकडे मंगळवारपर्यंतचा बॅकअप मात्र शाबूत आहे, तो जपा. बुधवारची फाइल रिसायकल बिनमध्ये आहे का ते लगेच बघा. त्याच नावाने त्याच जागी परत आली तर साखळी पुन्हा जुळते. नेटवर्कवरच्या डिस्कवरून डिलीट केली असेल तर ती विंडोजच्या बिनमध्ये सापडणार नाही. स्टोरेज यंत्राला स्वतःचं बिन असेल तर त्यात शोधा. तोपर्यंत त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका, ठरलेला रात्रीचा बॅकअपसुद्धा थांबवा.

तुमच्या सेटिंगमध्ये ‘इन्क्रिमेंटल’ऐवजी ‘डिफरेन्शियल’ असतं तर गोष्ट वेगळी होती. डिफरेन्शियल फाइल दर वेळी थेट रविवारशी तुलना करून बनते. ती दिवसागणिक फुगते, पण बुधवारची काढली तरी शनिवारचं बिघडत नाही. तिथे रविवारची फाइल गेली तरच सगळा आठवडा जातो. ऑफिसात फाइल्स उडवणारे हात अनेक असतील तर मी जागा थोडी जास्त देऊन डिफरेन्शियलच ठेवीन.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. दुसऱ्या डिस्कवर नवा पूर्ण बॅकअप घ्या. सध्याची भरली असेल तर दोन दिवसांसाठी कुणाची उसनी आणा. सॉफ्टवेअरमधलं ‘व्हेरिफाय’ चालवा. मग ती इमेज ड्राइव्हसारखी उघडून दोन-चार फाइल्स बाहेर काढा आणि खरोखर उघडून बघा. त्यानंतर जुना संच पूर्ण काढा: रविवार ते शनिवार एकगठ्ठा, तोही सॉफ्टवेअरच्या आतून. एक्सप्लोररमधून काढला तर सॉफ्टवेअरच्या नोंदींत तो राहतो आणि पुढचा इन्क्रिमेंटल हरवलेल्या फाइलवर टेकायला जाऊन अडतो. ‘रिटेन्शन’मध्ये ‘दोन पूर्ण संच ठेवा’ एवढं लावलं की हाताने काढायची वेळच येत नाही. पण तिसऱ्याची जागा मोकळी हवी, कारण बहुतेक ठिकाणी नवा संच पूर्ण झाल्यावरच सर्वांत जुना निघतो. १८० जीबीच्या इमेजला ५०० जीबीची डिस्क म्हणूनच अपुरी पडते.

टॅलीचा रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या तारखेच्या फोल्डरमध्ये घेतो. सहा वर्षांचे फोल्डर झाले. किती ठेवायचे? (सोलापूर)

रोजचे सगळे ठेवण्यात अर्थ नाही. गेले १५ दिवस, चालू वर्षाचे प्रत्येक महिनाअखेरचे, आणि ताळेबंद पक्का झाल्यावरचा प्रत्येक वर्षाचा एक, एवढे पुरतात. ३१ मार्चच्या रात्रीचा बॅकअप ‘वर्षाचा’ म्हणून ठेवू नका. लेखापरीक्षणातल्या दुरुस्त्या त्यानंतर येतात.

किती वर्षांचे, हे कायदा ठरवतो. जीएसटीत हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. २०२२-२३ ची ती तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे तो डेटा ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. प्रकरण अपिलात असेल तर आणखी पुढे. कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे मागची ८ आर्थिक वर्षं. काढायच्या आधी तुमच्या सीएंना विचारा.

जुना बॅकअप चालतो का हे बघताना मात्र सांभाळा. रिस्टोअरच्या पडद्यावर ‘सोर्स’ म्हणजे बॅकअप जिथे आहे ती जागा आणि ‘डेस्टिनेशन’ म्हणजे जिथे उलगडायचा ती. डेस्टिनेशनला चालू डेटाचाच फोल्डर राहिला आणि कंपनीचा क्रमांक तोच असला, तर २०२० चा डेटा आजच्यावर चढून बसतो. ‘तपासणी’ नावाचा रिकामा फोल्डर करून तिथेच रिस्टोअर करा. आणि सहा वर्षांचं पुस्तक एकट्या पेन ड्राइव्हवर ठेवू नका. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, ऑफिसच्या बाहेर.

मॅकच्या टाइम मशीन डिस्कवरचे जुने बॅकअप ट्रॅशमध्ये टाकले. आता ट्रॅश रिकामाच होत नाही, तासन्‌तास मोजतोय. (पुणे)

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर न बदललेली एकच फाइल शेकडो बॅकअपमध्ये ‘दिसते’, प्रत्यक्षात ती एकदाच असते. ट्रॅश या लाखो नोंदी एकेक मोजत बसतो. रिकामा करणं थांबवा आणि ‘पुट बॅक’ने ते जागेवर परत पाठवा. मग टाइम मशीन उघडून नको त्या तारखेवर जा आणि गिअरच्या चिन्हातून ‘डिलीट बॅकअप’ निवडा. बिग सर किंवा त्यानंतरच्या मॅकओएसवर डिस्क नव्याने एपीएफएस या ॲपलच्या नव्या फॉरमॅटमध्ये तयार केली असेल तर फाइंडरमध्ये त्या तारखेवर राइट क्लिक करून ‘डिलीट इमिजिएटली’. ४०० जीबीचा बॅकअप काढून ६ जीबीच मोकळे झाले तर दचकू नका. बाकीचं इतर तारखांनी धरून ठेवलेलं असतं. खरं तर डिस्क भरली की टाइम मशीन सर्वांत जुने स्वतःच काढतं. हात न लावणं उत्तम.

वनड्राइव्हची ५ जीबी भरली म्हणून वेबसाइटवरून फाइल्स काढल्या, तर डेस्कटॉपवरच्याही गेल्या! (ठाणे)

कारण तो बॅकअप नव्हता, सिंक होतं. दोन्हीकडे एकच फाइल. वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहते, आजच परत आणा. मग आधी ती वनड्राइव्हच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि त्यानंतरच वेबवरून काढा. ‘फ्री अप स्पेस’ या पर्यायाने लॅपटॉपमधली जागा सुटते, वनड्राइव्हवरची नाही.

‘मोबाइलसिंक’ फोल्डरमध्ये ९० जीबी आहेत, आत नुसती अगम्य नावं. उडवू? (रत्नागिरी)

ते आयफोनचे बॅकअप आहेत. आतली एकही सुटी फाइल काढू नका. एक गेली तरी तो पूर्ण बॅकअप निकामी होऊ शकतो. आयट्यून्समध्ये एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हायसेस इथे फोनचं नाव आणि तारीख दिसते. विकून टाकलेल्या फोनचा असेल आणि त्यातलं सगळं नव्या फोनवर आलं असेल, तर तिथूनच ‘डिलीट बॅकअप’ करा.