बोलत नसलेल्या लहान मुलीला शाळेच्या बसने पाठवताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाच वर्षांची आहे, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही आणि जूनपासून बसने जाणार म्हणून तुमची झोप उडालीय. माझा मुलगा आता दहाचा आहे, तोही ऑटिस्टिक, आम्ही पुण्यात असतो आणि चार वर्षं तो बसने जातोय. जीपीएस, सीसीटीव्ही, ॲप हे सगळं बघून घ्याच, पण आधी बसमधल्या मावशींना भेटा, कारण जाताना-येताना लेकरू त्यांच्याच हातात असतं आणि बऱ्याचदा त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं.

आमच्याकडे पहिल्याच वर्षी काय झालं ते सांगते. मार्च महिना, नेहमीच्या मावशी सुट्टीवर, बदली बाई आलेल्या. माझ्या मुलाची सवय अशी की बस थांबली की तो उठतो, कुठलाही स्टॉप असो, आणि नेहमीच्या मावशींना ते माहीत असल्यामुळे त्या त्याला खिडकीशी बसवून स्वतः कडेला बसायच्या. बदली बाईंना वाटलं पोरगं उठलं म्हणजे त्याचाच स्टॉप, उतरवलं, आमच्या दोन स्टॉप आधी. मी गेटवर उभी, बस आली, दार उघडलं आणि हा नाहीच. दप्तर सीटवर तसंच आणि आयकार्डही दप्तरालाच लटकवलेलं, कारण गळ्यात दोरी त्याला सहन होत नाही. पंचवीस मिनिटांनी सापडला. एका रसवंतीवर होता, घुंगरं बांधलेलं ते चाक फिरतं ना, ते बघत. रसवाल्या दादांनी त्याला लांब स्टुलावर बसवलेलं आणि स्वतः मशीनच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिलेले, नाव विचारून विचारून थकलेले, आणि ह्याचं लक्ष फक्त चाकाकडे. त्या दादांचे उपकार मी विसरणार नाही. आणि त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात नुसती नावांची यादी होती.

त्यानंतर मी एक पान केलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, वर त्याचा फोटो, लॅमिनेट करून. एक ड्रायव्हर काकांजवळ, एक मावशींजवळ, एक शाळेच्या ऑफिसात बदली माणसासाठी. त्यावर एवढंच: 'मला बोलता येत नाही. बस थांबली की मी उठतो, तो माझा स्टॉप असेलच असं नाही. मोठ्या हॉर्नला मी कान झाकतो, तेव्हा हात ओढू नका, हेडफोन द्या. मला फक्त आई, बाबा किंवा आजीकडे द्या', आणि तिघांचे फोटो नि नंबर. ह्या तिघांपैकी कोणीच स्टॉपवर नसेल तर वॉचमनकडे नाही, शेजाऱ्यांकडे नाही, परत शाळेत न्यायचं, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

फोन नंबर कपड्यावरच हवा. मी टेलरकडून सुती पट्टीवर लिहून शर्टच्या खालच्या कडेला आतून शिवून घेतला, कॉलरला लावला असता तर टोचतंय म्हणून हा दिवसभर ओढत बसला असता. नाव मात्र बाहेरून दिसेल असं लिहू नका, कोणीही नावाने हाक मारून घेऊन जाईल.

सीट दाराजवळ नको, इमर्जन्सी दरवाज्याजवळ तर अजिबातच नको, ती कडी मुलांना फार आवडते. बेल्ट आहे का विचारा, नसेल तर बसवून मागा. काही ठिकाणी मूल उठू नये म्हणून ओढणीने सीटला बांधतात, ते कृपया करू देऊ नका, बस कलंडली किंवा आग लागली तर गाठ कोण सोडत बसणार? ज्यांच्या मुलांना मान-पाठ सावरता येत नाही त्यांनी कसा आधार लागेल ते फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावं.

फिट येण्याचा त्रास असेल तर मावशींना प्रत्यक्ष करून दाखवा. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा बोट काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. औषधांमुळे मुलं झोपतात पण, त्यामुळे शेवटच्या स्टॉपनंतर कोणीतरी मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन, सीटखाली वाकून बघतं का हे स्पष्ट विचारा.

आणि एक, लिहायला जड जातंय पण लिहिते. आपली मुलं घरी येऊन सांगू शकत नाहीत. रोज आनंदाने चढणारं मूल अचानक बस बघून रडायला लागलं, चड्डी ओली करायला लागलं तर नाटक करतंय म्हणू नका. अंघोळीच्या वेळी अंगावर काही वळ, खुणा आहेत का बघत जा. शंका आली तर १०९८ चाइल्ड हेल्पलाइन आहे. ड्रायव्हर आणि मावशी दोघांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हे विचारायला लाजू नका.

शाळा टाळाटाळ करत असेल तर: महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ ची नियमावली आहे, तिच्यानुसार शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो, तर अर्ज त्या समितीच्या नावाने द्या आणि पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १६ मध्ये मुलांच्या वाहतुकीची सोय, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनिसाचीही सोय, असं लिहिलेलं आहे. जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची शाळा असेल तर सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता असतो, विशेष शिक्षकांना नाहीतर गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, विचारा.

आणि सराव आत्तापासून करा. बसचा, मावशींचा, स्टॉपचा, शाळेच्या गेटचा फोटो काढून रोज त्याच क्रमाने दाखवा. उभ्या बसमध्ये दोन-चारदा चढवून बसवून उतरवा, आम्ही पाच वेळा केलं आणि पाचव्या वेळी तो आपणहून खिडकीपाशी जाऊन बसला. त्यासाठी बस कधी मिळेल ते शाळेला ह्याच आठवड्यात विचारा, कारण मे मध्ये कंत्राटदार बऱ्याच गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाला लावतात आणि मग त्या हाती लागत नाहीत.