फासा कधी टाकायचा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दर रविवारी आम्ही पाच जण बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत) डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत, फाशांवर निकाल ठरवत खेळायचा खेळ खेळतो. तिघे पाचव्या आवृत्तीवर शिकले, दोघे 1981च्या बेसिक नियमांवर. दोन्हींची सरमिसळ केली, तर जादूगार पहिल्याच खोलीत मरतो. आणि पेटारा शोधताना फासा टाकायचा की तोंडी सांगायचं, यावरून दर वेळी वाद. काय ठेवावं? (फोंडा)

उत्तर : सरमिसळीत तुम्ही जुन्या नियमांतला मृत्यू तेवढा उचललात, त्यापासून वाचवणारं बाकीचं तिथंच राहिलं असं दिसतं. 1981च्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला त्याचा आकडा, चार बाजूंच्या एका फाशावर ठरतात आणि शून्याला खेळ संपतो. पण तिथं लढणं परवडतच नाही. एका ऑर्क राक्षसाला हरवल्याचे 10 अनुभवगुण, आणि फायटरला, म्हणजे लढवय्याला, दुसरी पातळी गाठायला लागतात 2000. उलट बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. म्हणून शहाणा खेळाडू राक्षसाला चुकवून खजिना काढतो. तशी संधीही नियमच देतात: समोरचा प्राणी हल्ला करणार की बोलणार, हे दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांच्या बेरजेवर ठरतं. 2 आलं तर थेट हल्ला, 12 आलं तर मैत्री.

पाचव्या आवृत्तीत गुण मुख्यतः शत्रूला हरवून मिळतात, म्हणून शून्याला माणूस बेशुद्ध पडतो. दर फेरीला वीस बाजूंचा फासा: 10 किंवा वर आलं तर यश. तीन यशं आली तर जीव स्थिर, तीन अपयशं आली तर मृत्यू. तुम्हाला लढाया हव्या असतील तर हा नियम ठेवा. जुना मृत्यू हवा असेल तर नाण्यांचे गुण आणि दोन फाशांची प्रतिक्रिया दोन्ही घ्या, एक टाकून दुसरं नको.

आता पेटारा. समजा, आग्वाद किल्ल्यातल्या पाण्याच्या टाकीसारख्या दगडी टाकीत शिसवी पेटारा आहे, कुलपामागं विषारी सुई. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने, पहिल्याच वर्णनात खूण द्यावी: कुलपाच्या भोकाभोवती हिरवट डाग. ‘सळईने कुलूप फिरवतो, हात लांब’ असं कुणी म्हणालं तर फासा नाहीच, सुई सळईवर आपटते. ‘पेटारा तपासतो’ एवढंच म्हटलं तर वीसचा फासा आणि 15चं लक्ष्य. शिवाय दहा मिनिटं गेली. खूण लपवलीत तर खेळाडू प्रत्येक फरशी काठीने ठोकत बसतात आणि संध्याकाळ तिथंच संपते.

अशी दर दहा मिनिटं एकेका रेघेने कागदावर मांडाच, कारण त्याशिवाय शोधण्याला किंमतच उरत नाही. सहा रेघा झाल्या की मशाल विझली. दर दोन रेघांना सहाचा फासा. 1 आला की भटका प्राणी. इथं पाचव्या आवृत्तीची एक अडचण आहे: तिथला उजेडाचा ‘लाइट’ मंत्र कितीही वेळा फुकट टाकता येतो, मग मशाली कोण मोजणार? तो पहिल्या पातळीचा मंत्र करा, वापरला की गेला.

प्रश्न : जुन्या साहसांत (छापील कथानकांत) आर्मर क्लास, म्हणजे फटका लागणं किती अवघड तो आकडा, कमी तेवढा चांगला, नव्यात जास्त तेवढा. बदलायचा कसा? (मडगाव)

उत्तर : 1981च्या पुस्तकाचा आकडा 19मधून वजा करा: चेन मेलचा, म्हणजे कड्यांच्या चिलखताचा, 5 म्हणजे 14. याच खेळाच्या ॲडव्हान्स्ड मालिकेतल्या साहसासाठी 20मधून, कारण तिथं चिलखताविना माणूस 10 असतो, बेसिकमध्ये 9. मात्र राक्षसांचे आकडे असे बदलत बसू नका. पाचव्या आवृत्तीतले तयार घ्या आणि संख्या कमी करा. जुन्या खोलीतले बारा गॉब्लिन पहिल्या पातळीच्या चौघांना नव्या नियमांत सहज संपवतील. त्यांचं मनोधैर्य तेवढं जुनंच ठेवा: पहिला मेल्यावर आणि निम्मे पडल्यावर सहाचे दोन फासे टाका, बेरीज 7च्या वर गेली की उरलेले पळतात.