‘खुळखुळ्या साप’ हे नाव बालिश आहे का?

नाशिक रोडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्या रॅटलस्नेक या सापावर मजकूर लिहीत आहेत. मराठी नाव म्हणून एका सहकाऱ्याने ‘घुंगरू घोणस’ सुचवले, दुसऱ्याने ‘खुळखुळ्या साप’. पहिले त्यांना भारदस्त वाटते आणि दुसरे पाळण्यातले. शिवाय त्या सापाच्या शेपटीत दाणे नसतात, मग त्याला खुळखुळा कसे म्हणावे, अशी त्यांची शंका आहे.

माझ्या मते ‘खुळखुळ्या साप’ हेच नाव घ्यावे.

आधी ‘घोणस’ या शब्दाचे पाहू, कारण तिथली चूक केवळ भाषेची नाही. रॅटलस्नेक जातीचे साप फक्त अमेरिका खंडांत, दक्षिण कॅनडापासून अर्जेंटिनापर्यंत आढळतात. त्यांच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एकेक खळगा असतो आणि त्याने त्यांना भक्ष्याच्या अंगाची ऊब अंधारातही जाणवते. असा खळगा आपल्या घोणशीला नाही आणि फुरशालाही नाही. तो आहे सह्याद्रीच्या जंगलातल्या चापड्याला. म्हणजे नातेच सांगायचे तर ‘खुळखुळ्या चापडा’ म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. घोणस शेपटी वाजवीत नाही, ती अंग फुगवून कुकरच्या वाफेसारखा दीर्घ फूत्कार टाकते. फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खवल्यांची खरखर करते. भित्तिपत्रकावर ‘घुंगरू घोणस’ वाचलेल्या मुलाने शेताच्या बांधावर घुंगरांच्या आवाजाची वाट पाहिली, तर तो आवाज त्याला कधीच येणार नाही. आपल्याकडच्या सर्पदंशांत घोणशीचा वाटा मोठा आहे, त्यामुळे तिचे नाव परक्या सापाला उसने देऊ नये, असे मला फार मनापासून वाटते.

‘घुंगरू’ मला पटत नाही ते आवाजामुळे. घुंगरू धातूचे असते, त्याचा नाद छुमछुम किंवा किणकिण असा येतो. या सापाच्या शेपटीचे टोक आपल्या नखांसारख्याच केराटिन या द्रव्याचे असते. त्यात एकात एक अडकलेली पोकळ पेरे असतात आणि साप शेपटी थरथरवू लागला की ती एकमेकांवर आपटतात. आत खडा नाही, दाणा नाही. हा आवाज कोरडा असतो, आणि कोरड्या, सैल वस्तूंच्या आवाजाला मराठीत खुळखुळ म्हणतात.

दाण्यांची शंका आपल्याच बोलण्यातून सुटते. जुन्या सायकलचे सगळे सांधे सैल झाले की आपण म्हणतो, ‘सायकलचा पार खुळखुळा झाला.’ त्या सायकलमध्ये कोणी दाणे भरलेले नसतात. एक भाग दुसऱ्यावर आपटत असतो, एवढेच. सापाच्या शेपटीतही नेमके तेच घडते. खिशातले पैसे खुळखुळतात तेही एकमेकांवर आपटूनच. तेव्हा दाणे हे बाळाच्या खेळण्याचे लक्षण झाले, शब्दाचे नव्हे.

व्याकरणही याच बाजूचे आहे. कुरकुर करणारा तो कुरकुऱ्या, बडबड करणारा तो बडबड्या, तसा खुळखुळ करणारा तो खुळखुळ्या. या नावात खेळणे मुळातच नाही, क्रिया आहे. मात्र ‘खुळखुळ्याचा साप’ असे लिहू नये; त्याने खेळण्यातल्या सापाचा भास होतो.

एक उणीव मान्य केली पाहिजे. खुळखुळ म्हटले की सुटे सुटे ठोके कानात येतात. हा साप चिडला की शेपटी सेकंदाला ५० ते ९० वेळा हलवतो, आणि हवा उबदार असेल तर हा वेग वाढतो. इतक्या वेगात ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, रातकिड्यांसारखी सलग झर्र ऐकू येते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, कोणी जवळ येऊ लागले की साप आधी वेग हळूहळू वाढवतो आणि ठरावीक अंतरावर तो एकदम खूप वर नेतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला साप आहे त्याहून जवळ वाटतो. नाव सुरुवातीच्या ठोक्यांवरून पडले, असे मानायला माझी हरकत नाही.

यांतले बहुतेक साप ज्या प्रजातीत येतात तिचे शास्त्रीय नाव ‘क्रोटॅलस’. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘क्रोटालॉन’ हा शब्द आहे. ते हातात धरून एकमेकांवर आपटायचे, आपल्या चिपळ्यांसारखे वाद्य. त्याच शब्दावरून ‘क्रोटॅलॅरिया’ हे एका वनस्पती-प्रजातीचे नाव आले, आणि द्राक्षबागांत हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग याच प्रजातीतला. खतासाठी तो फुलोऱ्यातच गाडतात, म्हणून त्याच्या शेंगा सहसा दिसत नाहीत. दिंडोरीकडच्या एका बागेत बियाण्यासाठी राखलेल्या तागाची वाळलेली, लवेने मखमली झालेली शेंग मी कानाशी धरून हलवली आहे. आतल्या सुट्या बियांचा आवाज स्पष्ट येतो. याच प्रजातीतल्या रानझुडपांना मराठीत खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. शास्त्रज्ञांनी ग्रीक वाद्यावरून जो शब्द घेतला, त्याच्या जागी आपल्या लोकांनी शेंग वाजवून स्वतःचा शब्द घडवला, आणि तोच सापालाही चपखल बसतो याचा मला आनंद वाटतो.

शिक्षिकेच्या मसुद्यात ‘शेपटीला जितकी पेरे, तितके सापाचे वय’ असे वाक्य आहे, ते काढावे. दर वेळी कात टाकली की एक पेर वाढते, पण साप वर्षातून अनेकदा कात टाकतो आणि टोकाची जुनी पेरे तुटूनही जातात. ‘अंड्यातून पिल्लू बाहेर येताच खुळखुळू लागते’ हेही दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. मादी जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि एकावर एक आपटायला किमान दोन पेरे लागत असल्याने नवजात पिल्लू मुकेच असते. ‘चावण्यापूर्वी तो नेहमी इशारा देतो’ यातला ‘नेहमी’ शब्द खोडावा. पाचोळ्यात मिसळून गेलेला साप पुष्कळदा गप्प पडून राहतो आणि पाय पडलाच तर न वाजवताही चावतो. मथळ्यात ‘खुळखुळ्या साप’ लिहून पहिल्या वाक्यात एकदा ‘रॅटलस्नेक’ द्यावे, पुढे ‘खुळखुळ्या’ एवढे पुरे.